फौजीचं रोजचं जगणं आणि कॅमेरा: संचलन आणि तिरंगा यांच्या मधले फोटो कुठे आहेत?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. मी कराडजवळ राहतो. लग्नाचे फोटो काढतो, त्यावर घर चालतं. उरलेल्या वेळात स्वतःसाठी फोटो काढतो. आमच्या भागात घरटी नाही तरी भावकीत एक तरी फौजी असतोच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे.

पण फौजीचे फोटो म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दोनच येतात. एक २६ जानेवारीच्या संचलनातला, सगळ्यांचे पाय एका रेषेत. दुसरा तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीचा, पुढे लोटलेली गर्दी आणि कोपऱ्यात घरच्या बायका. या दोन फोटोंच्या मधे माणूस पंधरा-वीस वर्षं नोकरी करतो. कपडे धुतो, बटण लावतो, रांगेत उभा राहून जेवण घेतो, कंटाळतो, घरच्या फोनची वाट बघतो. त्याचा फोटो नाही. मोबाइलवर काढलेले असतात, पण ते कुणी जपून, विचार करून, मोठ्या आकारात छापून भिंतीवर लावलेत असं मी पाहिलेलं नाही.

बाहेर हे काम झालंय. टिम हेदरिंग्टन हा ब्रिटिश छायाचित्रकार २००७-०८ मध्ये अफगाणिस्तानच्या कोरेंगल खोऱ्यात अमेरिकन तुकडीबरोबर जाऊन-येऊन राहिला. तिथल्या एका दमलेल्या सैनिकाच्या फोटोला वर्ल्ड प्रेस फोटोचा वर्षातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मला मात्र त्याची झोपलेल्या सैनिकांची मालिका सोडत नाही. पोटाशी पाय घेऊन झोपलेली पोरं. अंगावर गणवेश नाही, हातात हत्यार नाही. विशीतला मुलगा झोपलाय, एवढंच. लढाईबद्दल मी वाचलेल्या कुठल्याही बातमीपेक्षा त्या फोटोंनी मला जास्त सांगितलं. २०११ मध्ये लिबियातल्या मिसराता इथे तो स्वतःच मारला गेला.

तर प्रश्न असा. आपल्याकडच्या फौजींवर असं काम करावं का? बातमीसाठी नाही, जाहिरातीसाठी नाही. कलेच्या अंगाने, सावकाश, छापून भिंतीवर लावण्यासाठी. आणि करायचं तर सुरुवात कुठून? माझं मत स्पष्ट आहे, करायलाच हवं. पण ज्यांनी नोकरी केली आहे आणि ज्यांच्या घरात फौजी आहे त्यांनी आधी बोलावं.

वाचनमात्र

विषय आवडला. वाचतोय.

सुभेदार_निवृत्त

राम राम. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त. भरती बेळगावची.

लेखकाने बरोबर नस पकडली आहे. आमच्या नोकरीत गोळीबाराचे दिवस थोडे. बाकी सगळी पीटी, परेड, फटिग म्हणजे अंगमेहनतीची कामं, गार्ड ड्यूटी, रोल कॉल. रात्री नऊनंतर बराकीत जे चालायचं ते कुणी टिपलंच नाही. एक जण चारपाईवर बसून बूट चमकवतोय. पॉलिशच्या डबीच्या झाकणात चार थेंब पाणी, कापसाचा बोळा, आणि बुटाच्या टोकावर बोट गोल गोल फिरतंय, अर्धा अर्धा तास. बोलणं मात्र गावच्या विहिरीचं. शेजारचा ब्रासोने बकल घासतोय. तिसरा पत्र लिहितोय, चौथा त्याला मजकूर सांगतोय, कारण तिसऱ्याचं अक्षर चांगलं आणि पत्र चौथ्याच्या बायकोला.

हा फोटो कुणाकडे असेल तर मला दाखवा. मी त्याचे पैसे देईन.

मोदकप्रिय

सुभेदार साहेब, चौथ्याच्या बायकोने उत्तर कुणाला लिहिलं ते सांगा, मग फोटोचं बघू :)

सुभेदार_निवृत्त

@मोदकप्रिय, उत्तर तिच्या भाच्याने लिहिलं. तो सातवीत होता. अख्खी बराक वाचायची.

भीमथडी

मी विरोधी बाजू मांडतो. कोयनाकाठ यांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण 'कलेच्या अंगाने' म्हटलं की मला भीती वाटते. दमलेल्या माणसाचा सुंदर प्रकाशातला फोटो चार फुटी चौकटीत बसतो, मुंबईच्या दालनात लागतो, थंड खोलीत हातात पेला घेऊन लोक त्याच्यासमोर उभे राहतात. ज्याचा चेहरा आहे तो त्या वेळी राजस्थानात गार्डवर उभा असतो. त्याला यातलं काय मिळालं? बातमीतला फोटो निदान सांगतो की अमुक दिवशी अमुक ठिकाणी हे घडलं. कलेतला फोटो नाव काढून घेतो आणि 'सैनिक' एवढंच ठेवतो. माझे आजोबा महार रेजिमेंटला होते, १९४१ मध्ये ती बेळगावला उभी राहिली त्यानंतरच्या पहिल्या काही भरत्यांमधले. त्यांचा एकच फोटो आमच्या घरात आहे आणि तो गावातल्या स्टुडिओत काढलेला आहे. मागे रंगवलेला पडदा, बाजूला कुंडी. त्यांनी स्वतः पैसे देऊन, स्वतःला हवा तसा काढून घेतलेला. मला तो जास्त खरा वाटतो.

सिल्व्हर_ब्रोमाइड

@भीमथडी, तुमचा मुद्दा बिनतोड आहे असं मला वाटत नाही, पण स्टुडिओतल्या फोटोबद्दल पूर्ण सहमत. तोही कलेचाच फोटो आहे. माणूस कसा उभा राहणार, काय घालणार, नजर कुठे, हे त्याने ठरवलंय.

जरा इतिहास सांगतो, कारण फौजीच्या रोजच्या जगण्याचे फोटो ही नवी गोष्ट नाही. १८५५ मध्ये रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धावर गेला. दारूच्या व्यापाऱ्याची घोडागाडी विकत घेऊन तिची डार्करूम केली. काचेवर ओलं कोलोडियन, म्हणजे उजेड टिपणारं चिकट रसायन, लावायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. उन्हाळ्यात गाडीच्या आत भट्टी. काही सेकंदांचं एक्स्पोजर, त्यामुळे धावणारा, लढणारा माणूस टिपणं शक्यच नव्हतं. प्रेतं त्याने टिपली नाहीत, तो राजघराण्याच्या आशीर्वादाने गेला होता. उरलं काय? छावणी. तंबूबाहेर बसलेले अधिकारी, स्वयंपाक करणारे शिपाई, घोडे. साडेतीनशेच्या वर फोटो आणले त्याने. म्हणजे युद्धाच्या फोटोग्राफीची सुरुवातच जवळजवळ रोजच्या जगण्यापासून झाली, तीही मर्यादेपोटी.

आपल्या माणसांचं पाहायचं तर १९१५ मध्ये गर्डवुड नावाचा छायाचित्रकार फ्रान्समध्ये हिंदी सैन्याचे फोटो काढत होता. ब्रिटिश लायब्ररीत तो संग्रह आहे. आणि इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांसाठी हॉस्पिटल केलं होतं, त्याचे फोटो आहेत: डोक्यावर प्रचंड झुंबरं, खाली ओळीने लोखंडी खाटा, त्यावर फेटेवाले शिपाई. त्याची पोस्टकार्डं छापून वाटली, बघा सरकार तुमच्या माणसांची किती काळजी घेतं म्हणून. फोटो अप्रतिम आहेत आणि प्रचाराचे आहेत, दोन्ही खरं. भीमथडींची भीती इथे लागू पडते.

आणि आपल्या जे.जे. स्कूलच्या होमाई व्यारावाला. १९४२ मध्ये ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी दिल्लीला गेल्या, त्याआधी मुंबईत त्यांनी युद्धकाळातलं शहर टिपलं. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. नेहरू-गांधींच्या फोटोंमुळे लोक त्यांना ओळखतात, पण युद्धकाळातली मुंबई हे त्यांचं काम आपण पुरेसं पाहिलेलं नाही.

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून लिहितोय. रिनेके डाइकस्ट्रा ही डच छायाचित्रकार या धाग्यात यायलाच हवी. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन होतं.

तिने फ्रेंच फॉरिन लीजनमध्ये, म्हणजे परदेशी तरुणांनाही घेणाऱ्या फ्रान्सच्या फौजेत, भरती झालेल्या ऑलिव्हिए नावाच्या एकाच मुलाचे फोटो २००० ते २००३ या काळात काढले. भरतीच्या दिवसांपासून सुरुवात, शेवटचा आफ्रिकेतल्या जिबूतीमध्ये. ओळीने लावलेले. प्रत्येकात तो फक्त उभा आहे किंवा बसला आहे, थेट तुमच्याकडे बघतोय. कुठलीही घटना नाही. पहिल्या फोटोत मिसरूड फुटलेलं पोर. पुढे पुढे मान जाड होते, जबडा घट्ट होतो, आणि डोळ्यांतलं काहीतरी आत सरकतं. कुठल्या फोटोत ते सरकलं ते शोधत मी मागे-पुढे करत राहिलो. सापडत नाही. @भीमथडी, हे बातमीला जमणार नाही. त्याला वेळ लागतो आणि तोच माणूस लागतो.

आणि त्याचं नाव काढून घेतलेलं नाही. मालिकेचं नावच त्याचं नाव आहे.

रानजाई

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. आमचे हे सध्या नोकरीवर आहेत, हुद्दा हवालदार. कुठे ते लिहीत नाही.

फौजीचं रोजचं जगणं म्हणजे तुम्ही सगळे बराक आणि बंकर धरून बोलताय. अर्धं जगणं घरी आहे. वर्षाला ६० दिवस ॲन्युअल लीव्ह आणि ३० दिवस कॅज्युअल. ती तोडून तोडून मिळते. पहिले दोन-तीन दिवस हे घरात पाहुण्यासारखे असतात. साडेचारला उठून बसतात. पाणी तापवायचं का, चहा कुणी करायचा, कुठे बसायचं, काही कळत नाही. धाकटी त्यांच्याजवळ जात नाही, माझ्या पाठीमागून बघते. चौथ्या दिवशी जाते आणि मग सुट्टी संपेपर्यंत सोडत नाही.

आणि सुट्टीत आराम कुठला? आमचं घर दोन सुट्ट्यांमध्ये बांधून झालं. एका सुट्टीत जोतं आणि भिंती, पुढच्या सुट्टीत स्लॅब. स्लॅब पडल्यावर हे रोज सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन वर पाणी मारत उभे. अंगात फौजी हाफ पँट, डोक्याला टॉवेल. खालून बघताना वाटायचं, हा माणूस सीमेवरून आलाय हे सांगून खरं वाटणार नाही. तो फोटो घ्या. त्याला सलाम ठोकायला कुणी येत नाही, पण तेच त्यांचं जगणं आहे.

झोपलेल्याचा फोटो मात्र मला विचारल्याशिवाय कुणी काढलेला चालणार नाही. त्यांनाही नाही, मला विचारायचं.

मोदकप्रिय

रानजाईताई, शेवटच्या ओळीला अख्ख्या धाग्याकडून अनुमोदन.

कायद्याचं_बोला

कोयनाकाठ, एक रुक्ष पण गरजेचं. शासकीय गुपिते कायदा १९२३ चा आहे आणि आजही लागू आहे. लष्कराच्या हद्दी 'प्रतिबंधित जागा' या व्याख्येत येतात, तिथले फोटो, नकाशे, रेखाटनं यावरून गुन्हा दाखल होऊ शकतो. 'माझा मित्र आत आहे, त्याने नेलं' हे उत्तर चालत नाही, उलट मित्राची नोकरी धोक्यात येते. २०२० मध्ये लष्कराने जवानांना फोनवरची ८९ ॲप काढून टाकायला लावली होती, फेसबुक-इन्स्टासकट. फोटोमुळे ठिकाण कळू शकतं ही भीती काल्पनिक नाही. फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद असते, खांद्यावरच्या खुणेवरून फॉर्मेशन कळते, गाडीच्या क्रमांकावरून युनिट.

रीतसर मार्ग आहे: संरक्षण खात्याच्या जनसंपर्क कार्यालयाकडे लेखी अर्ज, कामाचा नमुना, काय दाखवणार-काय नाही हे स्पष्ट. वेळ लागेल. निवृत्तांसाठी आणि सुट्टीवर घरी आलेल्यांसाठी हे अडथळे पुष्कळ कमी आहेत, तरी युनिटचं नाव आणि सध्याचं ठिकाण फोटोत किंवा मथळ्यात येऊ देऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आधी ओळख करून घ्या.

बर्फाळ

सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागात होतो, उंचावरच्या पोस्टवर राहिलोय. तिथे जायची परवानगी मिळालीच कुणाला तर सांगून ठेवतो. थंडीत बॅटरी बसते. जादाच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवायच्या. आणि बाहेरून उबेत आल्यावर कॅमेरा लगेच काढायचा नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून तसाच ठेवायचा. नाहीतर भिंगाच्या आत बाष्प धरतं.

फोटो काय काढायचा तेही सांगतो. रॉकेलच्या बुखारीभोवती, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीभोवती बसलेली माणसं. बाहेर नजर पोहोचेल तिथवर पांढरं आणि आत सगळं काळं. काजळी कपड्यांवर, चादरीवर, नाकात. सकाळी रुमालात काळं येतं. त्या काळ्यात हसणारे दात दिसतात. अंडं दगडासारखं गोठलेलं, ते बुखारीवर ठेवून वाट बघायची आणि तोवर पत्ते. इतका कंटाळा आयुष्यात परत कधी आला नाही. कंटाळ्याचा फोटो जो काढेल त्याला मी मानेन.

सिल्व्हर_ब्रोमाइड

@बर्फाळ, शेवटचं वाक्य सोन्याचं. कंटाळा हा फौजी जीवनाचा मोठा भाग आहे आणि बातमीच्या फोटोला तो दिसतच नाही, कारण काही घडत नसतं. कलेच्या फोटोला घडावं लागत नाही. माझ्या लेखी या कामाची सगळी गरज इथेच आहे.

दर्यावर्दी

नौदलाला विसरू नका राव. नेहमी आर्मीच.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांना बोलावलं. साठी उलटलेली होती त्यांची, पहिल्या महायुद्धातही काम केलेलं. त्यांनी निवडक छायाचित्रकारांचं पथक उभं केलं आणि त्यांना सांगणं एकच, जहाजापेक्षा माणसावर लक्ष द्या, जहाजं उद्या जुनी होतील. म्हणून त्या पथकाच्या फोटोंत डेकवर उघड्या अंगाने पडलेले, दाढी करणारे, पत्र वाचणारे खलाशी भरपूर आहेत. एवढं असूनही पथक होतं नौदलाचंच, भरतीसाठी माणसं हवी होती म्हणून उभं केलेलं.

आणि अलीकडची आन-माय ले. जन्म व्हिएतनाममधल्या सायगावचा, १९७५ मध्ये घर सोडून अमेरिकेत आली. म्हणजे जिच्या लहानपणी अमेरिकन सैन्य दारात होतं, तीच मोठेपणी त्यांच्या जहाजांवर वर्षानुवर्षं जाऊन फोटो काढते, तेही तिवईवरच्या मोठ्या पेटी-कॅमेऱ्याने. त्या कॅमेऱ्याने चोरून फोटो निघत नाही. सगळ्यांना दिसतं की ही बाई उभी आहे, कापडाखाली डोकं घालते आहे. मला वाटतं त्यामुळेच तिच्या फोटोंत राग नाही आणि भाटगिरीही नाही. प्रचंड लोखंड आणि त्यात कामाला लागलेली छोटी छोटी माणसं.

जहाजावर राहिलेला माणूस सांगतो, तसंच असतं. तीन मजली बंक, मधल्या बंकवाल्याला उठून बसता येत नाही. नाकासमोर वरच्याची गादी. त्या गादीच्या खालच्या बाजूला बहुतेक पोरं घरचा फोटो चिकटवतात. महिनोन्महिने रात्री शेवटचं आणि सकाळी पहिलं तेच दिसतं.

भीमथडी

दर्यावर्दी, हा बंक मला दिसला. धन्यवाद.

पण माझा प्रश्न तसाच आहे, उलट आणखी एक जोडतो. फौजेत हुकूम चालतो. 'साहेबांनी सांगितलंय, फोटोसाठी बसा' म्हटल्यावर शिपाई नाही म्हणू शकतो का? नाही. मग त्याची संमती काय कामाची? सुझान ऑप्टन यांचं काम इथे कुणी पाहिलं असेल. न्यूयॉर्क राज्यातल्या फोर्ट ड्रममध्ये, इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांचे फोटो. प्रत्येकाला डोकं टेबलावर आडवं टेकवायला लावलंय, गाल लाकडाला लागलेला, डोळे उघडे. नुसतं डोकं दिसतं. २००८ मध्ये त्यांचे रस्त्याकडेला मोठे फलक लागले, तेव्हा मिनेसोटात, रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन तोंडावर असताना, ते नाकारले गेले. लोकांना ते मेल्यासारखे वाटले. मलाही वाटले. जिवंत माणसाला असं झोपवण्याचा हक्क कुणी दिला?

अटलांटिकपार

भीमथडी, ते फोटो मला मेलेले वाटले नाहीत. आपण शेजारी उशीवर डोकं ठेवून त्याच्याकडे बघतोय असं वाटतं. एवढ्या जवळून आपण सैनिकाला कधी बघतो? फक्त बायको बघते, आई बघते. लोक बिचकले ते त्या जवळिकीने, असं माझं मत.

रानजाई

मी आत्ता ते फोटो बघून आले. दोघांचंही खरं आहे. पहिल्यांदा पोटात गोळा आला. मग एका मुलाचे डोळे बघितले आणि वाटलं, हे रात्री जागे असतात तेव्हा असेच बघतात, माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे. मी कधी कुणाला हे सांगितलं नव्हतं. आमच्याकडे फलकावर लागलेलं मला चालेल का? नाही. पण तो फोटो आहे म्हणून मला हे लिहिता आलं.

सुभेदार_निवृत्त

पोरी, हे लिहिलंस ते बरं केलंस. आम्ही घरी कधी विचारलंच नाही की आमच्याकडे बघून तुम्हाला काय दिसतं.

भीमथडी साहेब, हुकुमाचा मुद्दा शंभर टक्के. फोटोवाला यायचा म्हणजे आदल्या दिवशी झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू, हौद साफ, सगळ्यांची हजामत. तो काढतो तो रोजचा फोटो नसतोच. इन्फॉर्मेशन रूममध्ये 'सैनिक समाचार' मराठीतून यायचं. १९०९ पासूनचं पाक्षिक, आधी 'फौजी अखबार' नाव होतं, तेरा भाषांत निघतं. त्यातले फोटो आम्ही आवडीने बघायचो, पण त्यात सगळे कायम खूश. दोष देत नाही, त्या पाक्षिकाचं काम वेगळं.

माझं सांगणं, निवृत्त माणसापासून सुरू करा. त्याच्यावर हुकूम नाही. नको वाटलं तर तो सरळ नको म्हणेल.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. रानजाईताई, विशेष आभार.

मधल्या काळात एक गोष्ट सुचली ती मांडतो. ॲश्ली गिल्बर्टसन या छायाचित्रकाराने इराक-अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या सैनिकांच्या रिकाम्या झोपायच्या खोल्या टिपल्या, कृष्णधवल, एकूण ४०. भिंतीवर खेळाडूंची चित्रं, कपाटात बूट, पलंग नीट आवरलेला, आईवडिलांनी जसंच्या तसं ठेवलेलं. बघवत नाही. मी आमच्या भागात असं काही शोधायला निघालो आणि लक्षात आलं की आपल्याकडे फौजी पोराची वेगळी खोलीच नसते. तो भरती होईपर्यंत सोप्यात भावांच्या ओळीत झोपतो. त्याचं स्वतःचं असं घरात काय असतं? ट्रंक.

पत्र्याची काळी ट्रंक. शेजारच्या गावात एका निवृत्त हवालदारांच्या घरी बघितली. पुढच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने आर्मी नंबर, हुद्दा, नाव. हुद्द्याच्या जागी काळ्या रंगाचे थर चढलेत. 'हवालदार' या अक्षरांखाली तिरप्या उजेडात 'नायक' उमटून दिसतं, त्याच्याखाली आणखी काहीतरी खरवडलेलं, बहुधा 'सिपाही'. कडीजवळचा रंग हाताने झिजून पत्रा उघडा पडलाय. रेल्वेच्या डब्यात बाकाखाली सरकवून सरकवून खालची एक कड आत दबली आहे. सध्या आत गहू आहेत. काकूंनी झाकण उघडलं तर वर कडुलिंबाचा पाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला गणपती, कोपरे उडालेला.

अख्खी नोकरी त्या पत्र्यावर लिहिलेली होती. मला वाटतं माझं काम तिथून सुरू होईल. माणसाच्या शेजारी ट्रंक, दोघांचा एकत्र फोटो, त्याच्या घरात, त्याला हवा तसा.

मोदकप्रिय

आमच्याकडे आजोबांच्या ट्रंकेत दिवाळीच्या पणत्या असतात. नंबर अजून वाचता येतो. आजीला तो तोंडपाठ होता, आजोबांचा वाढदिवस मात्र कुणालाच नाही :)

दर्यावर्दी

नेव्हीत किटबॅग. पण ट्रंकेची सर नाही, मान्य.

मुळामुठा

एक राहतंय. सगळा धागा 'तो' आणि त्याची बायको-आई असा चाललाय. माझी भाची सैन्यदलात अधिकारी आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, १७ जणी. त्या दिवशीचे फोटो सगळ्या पेपरांनी छापले, टोप्या हवेत, आईवडिलांचे अश्रू. पुन्हा संचलनच. केस किती बारीक कापायचे याची पहिली सवय, गणवेशात मासिक पाळीचे दिवस, सुट्टीत साडी नेसताना आरशासमोर दोन मिनिटं थांबणं, यातलं काहीच कुठे नाही. कोयनाकाठ, हे काम करणारी मुलगीच हवी असं मी म्हणत नाही, पण बरोबर एखादी घ्या.

रानजाई

मुळामुठा, अगदी बरोबर. आणि लग्नात फोटो काढणाऱ्या मुली आता गावोगावी आहेत, मिळेल कुणीतरी.

सिल्व्हर_ब्रोमाइड

ट्रंकेची कल्पना उत्तम. तांत्रिक एवढंच: काळा चकचकीत पत्रा समोरून उजेड मारला की आरसा होतो. दाराचा किंवा खिडकीचा बाजूचा उजेड घ्या, कॅमेरा तिवईवर, घाई नको. खोडलेला हुद्दा तिरप्या उजेडातच दिसेल, तुम्ही लिहिलंयच. आणि रंगीत ठेवा. काळा पत्रा आणि पांढरी अक्षरं बघून कृष्णधवलचा मोह होईल, पण मग भिंतीचा निळा गिलावा जाईल, काकूंचं लुगडं जाईल.

प्रत्येक फोटोची एक चांगली छापील प्रत त्या घराला द्या, प्रदर्शनाच्या आधी. हे मी नियम म्हणूनच सांगतो.

भीमथडी

प्रत द्यायची हे पहिलं. नाव लिहायचं हे दुसरं, त्यांची हरकत नसेल तर पूर्ण नाव आणि गाव. 'निवृत्त सैनिक, सातारा जिल्हा' असला मथळा नको. तिसरं, पहिलं प्रदर्शन मुंबईत नाही. ज्या गावात काढले त्या गावात. ते बघून गावातले काय म्हणतात ते ऐका आणि मग हवं तिथे न्या.

कलेबद्दलची माझी शंका अजून गेलेली नाही. पण या तीन अटी पाळणार असाल तर आजोबांची ट्रंक मीही काढून ठेवतो. माळ्यावर आहे, रंग बराच उडालाय.

कोयनाकाठ

तिन्ही मान्य. नावाबद्दल फक्त निवृत्तांपुरतं. नोकरीवर असलेल्यांच्या बाबतीत कायद्याचं_बोला म्हणतात तसं. रानजाईताई, तुमच्याकडे मी येणार असेन तर आधी तुम्हाला विचारून, आणि तुमचे हे सुट्टीवर असताना.

प्रदर्शन गावातच. ग्रामपंचायतीच्या सभागृहाबद्दल सरपंचांशी बोललोय, जत्रेच्या आठवड्यात देतो म्हणाले, कारण तेव्हा निम्मी फौज सुट्टीवर गावात असते. भिंतींना खिळे ठोकायला मात्र नाही म्हणाले. दोरीवर चिमट्यांनी मोठे प्रिंट नीट राहतात का, की फळीला लावून आणावे? कुणी केलं असेल तर सांगा.

सिल्व्हर_ब्रोमाइड

चिमटे नको, कागदाला वळ पडतात. हलक्या सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या पातळ फळीवर, चिकटवून आणा आणि भिंतीला टेकवून बाकांवर उभे करा. बाकं शाळेतून मिळतील. उंचीही बरोबर येईल, म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसून बघता येतील.

सुभेदार_निवृत्त

बाकं हलवायला माणसं मी देतो. जत्रेची तारीख कळवा, आमच्या बॅचचे चौघे तरी येऊ. ट्रंका घेऊन.